उधारीच्या वहीतून उभा राहिलेला प्रोजेक्ट

एप्रिल-मे महिना आला की बेळगावातल्या कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांत वेगळीच लगबग सुरू होते. मरून नाहीतर काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटवून बांधलेले जाडजूड प्रोजेक्ट काउंटरवर रचून ठेवलेले दिसतात. बीबीए, बीकॉमच्या शेवटच्या सेमिस्टरची ही मुलं. शीर्षकं वाचत गेलं तर दहातली सहा-सात सारखीच. अमुक कंपनीच्या ग्राहकांचं समाधान, तमुक बँकेच्या कर्जयोजना. गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी फाईलमध्ये नाव, वर्ष आणि कॉलेजचा शिक्का बदलला की काम झालं, अशी मुलांची समजूत. घरात आपणही विचारतो, "झाला का प्रोजेक्ट?" "झाला." "किती पानं?" "ऐंशी." संपला विषय.

आमच्या थोरल्या लेकीनं २०२५ साली बीबीए पूर्ण केलं. तिचा प्रोजेक्ट आमच्याच दुकानावर होता. रविवार पेठेत आमचं घाऊक किराणा मालाचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. साखर, डाळी, तेल, गूळ, पोहे असा माल आम्ही खेड्यापाड्यांतल्या किरकोळ दुकानदारांना देतो. मी स्वतः बीकॉम, तेव्हाच्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं २०१० साली, त्याच्या बऱ्याच आधी माझी परीक्षा झाली. आमच्या वेळी प्रोजेक्ट वगैरे काही नव्हतं, तीन तासांचा पेपर लिहिला की मोकळे. लग्नानंतर दुकानाची कीर्द-खतावणी माझ्याकडे आली ती आजतागायत. त्यामुळे लेकीचे ते चार महिने मी अगदी जवळून बघितले. ज्यांची मुलं यंदा किंवा पुढच्या वर्षी या टप्प्यावर येतील त्या घरांना उपयोग व्हावा, म्हणून हे लिहिते आहे.

कळसाचा दगड

अशा शेवटच्या प्रोजेक्टला हल्ली 'कॅपस्टोन' म्हणतात. कॅपस्टोन म्हणजे बांधकामाच्या माथ्यावर सगळ्यात शेवटी बसवायचा दगड. आपल्याकडचा कळसच म्हणा ना. तीन वर्षांत हिशेबशास्त्र एका वर्गात शिकवलं, मार्केटिंग दुसऱ्या, संख्याशास्त्र तिसऱ्या. खऱ्या दुकानात मात्र हे विषय वेगवेगळ्या खोल्यांत बसत नाहीत. उधारी थांबवली तर गिऱ्हाईक तुटतं, म्हणजे हिशेबातला निर्णय विक्रीवर जातो. ते सगळं एकत्र करून एखादा खरा प्रश्न सोडवून दाखवायचा, हा यामागचा हेतू. अमेरिकेत १९५९ साली फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं गॉर्डन आणि हॉवेल या दोघांनी व्यवसायशिक्षणावर एक मोठा अहवाल लिहिला. सगळ्या विषयांना एकत्र बांधणारा एक अभ्यास शेवटी हवाच, असा आग्रह त्यात होता. आपल्या देशात २०२४-२५ या वर्षापासून बीबीए आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले. पुस्तकाबाहेरच्या कामाला महत्त्व द्यायला हवं हा विचार आता आपल्या कॉलेजांतूनही ऐकू येतो.

लेकीच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी मोठ्या कंपन्या निवडल्या होत्या. तिलाही तसंच काहीतरी करायचं होतं. तिच्या मार्गदर्शक मॅडम धारवाडकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, "त्या कंपनीची वही तुला कोण दाखवणार?" मोठ्या कंपनीत गेलेल्या मुलांना रिसेप्शनवरचं माहितीपत्रक आणि वेबसाइटवरचा इतिहास यापलीकडे फारसं काही मिळत नाही. मग प्रोजेक्टची निम्मी पानं त्या इतिहासानंच भरतात. "तुझ्या घरी दुकान आहे ना, तिथला कुठला प्रश्न वडिलांची झोप उडवतो ते विचारून ये," असं त्यांनी सांगितलं.

त्याचं उत्तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. उधारी.

वही दाखवायची का?

पण झोप उडवणारा प्रश्न सांगणं वेगळं आणि वही उघडून देणं वेगळं. हे लगेच म्हणाले, "वहीतलं वहीत राहू दे की. गावाला दाखवायचं असतंय होय ते?" व्यापाऱ्याच्या दृष्टीनं यात चूक काही नाही. कोण किती देणं लागतो हे बाहेर गेलं तर आपल्याआधी गिऱ्हाईकाची अब्रू जाते. एकाचं देणं दुसऱ्याला कळलं की तिसरा माणूस आपल्या दुकानाची पायरी चढत नाही.

मॅडमनी यावर जो मार्ग सांगितला तो प्रत्येक घरानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रोजेक्टमध्ये एकाही गिऱ्हाईकाचं नाव किंवा गाव लिहायचं नाही. प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा, आणि क्रमांक कुणाचा हे सांगणारा कागद घरातल्या कपाटात राहील. दुकानाची एकूण उलाढालही छापायची नाही, फक्त दिवस आणि प्रमाण मांडायचं. तसं लेखी लिहून दिल्यावर यांनी लेटरहेडवर परवानगीचं पत्र दिलं. बापानं लेकीला सही-शिक्क्यानिशी परवानगी द्यायची, याचं आम्हाला त्या दिवशी हसू आलं होतं. पण सही करताना यांनी ते पत्र दोनदा वाचलं, हेही मी बघितलं.

दिवस मोजायचे कसे?

उधारीचं गणित तसं सोपं आहे, पण घरात बसून कुणी करत नाही. समजा, एखाद्या दुकानाची वर्षाची उधारीवरची विक्री ६० लाख रुपये आहे आणि कुठल्याही दिवशी साधारण १० लाख रुपये येणं असतं. १० ला ६० नं भागून ३६५ नं गुणलं की ६१ दिवस येतात. म्हणजे आज दिलेल्या मालाचे पैसे सरासरी दोन महिन्यांनी हातात येतात. आता ज्या गिरणीवाल्याकडून माल घेतला त्याला २१ दिवसांत पैसे द्यायचे असतील तर मधले ४० दिवस कुणाच्या पैशावर काढायचे? बँकेच्या कॅश क्रेडिटवर.

पुढचं गणित जास्त बोचरं आहे. ते १० लाख बँकेचे धरले आणि व्याज १२ टक्के धरलं, तर वर्षाला १ लाख २० हजार रुपये नुसतं व्याज. घाऊक किराण्यात नफा तो केवढा! साखरेच्या पोत्यामागे सुटतात ते चार पैसे. ६० लाखांवर चार टक्के धरले तर २ लाख ४० हजार. म्हणजे नफ्यातला निम्मा वाटा उधारीच्या व्याजात गेला, आणि हमाली, भाडं, नोकरांचा पगार अजून बाकीच. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आमच्या दुकानाचे नव्हेत. पण लेकीनं आमचे खरे आकडे घालून हे गणित एका रात्री जेवणानंतर यांच्यासमोर ठेवलं, तेव्हा हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबांच्या वेळी व्याज कुणी मोजत नव्हतं."

मोजत नव्हते हे खरं. त्या काळी भांडवल घरचं होतं, आणि घरच्या पैशाला व्याज लागतं असं कुणाच्या मनात येत नसे.

पत आणि पत्तु

प्रोजेक्ट इंग्रजीत लिहायचा, वही मराठीत, गिऱ्हाईक निम्मं कन्नड. सुरुवातीला लेक यानं वैतागली होती. पण शब्दांची यादी करायला बसल्यावर गंमतच झाली. आपण उधारी म्हणतो, कन्नडमध्ये उद्रि. आपलं गिऱ्हाईक, त्यांचं गिराकि. आपली कीर्द, त्यांची किर्दि. आपण रोख म्हणतो आणि उत्तर कर्नाटकात पैशालाच रोक्क म्हणतात. बाकी आणि वसुली तर दोन्हीकडे जवळजवळ तशाच. दोन भाषांनी बाजारात इतकी वर्षं शेजारी बसून एकच वही लिहिली आहे, असं वाटावं.

सगळ्यात जास्त आवडला तो 'पत' हा शब्द. इंग्रजीत क्रेडिट म्हटलं की उधारीही आली आणि विश्वासही. मराठीत उधारी वेगळी आणि पत वेगळी. उधारी वहीत असते, पत माणसात. कन्नडमध्येही हा शब्द आहे, पत्तु. आपल्या शहरात एका बाजूला 'पतसंस्था' आणि दुसऱ्या बाजूला 'पत्तिन सहकारी संघ' अशा पाट्या आपण रोज वाचतो, पण दोन्हीत तोच शब्द आहे हे माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. आणि पतीवर संस्था उभी करण्याचा आपल्या भागाचा वारसाही जुना आहे. देशातली पहिली कृषी पतसंस्था १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ गावात सिद्धनगौडा पाटील यांनी काढली. लेकीनं आपल्या पहिल्या प्रकरणात कुठल्या परदेशी व्याख्येच्या आधी हेच लिहिलं.

प्रश्नावली मात्र तीनदा बदलावी लागली. पहिल्या मसुद्यात सरळ प्रश्न होता : आपण उधारी वेळेवर का देत नाही? तो वाचून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "असं विचारशील तर चहासुद्धा मिळायचा नाही." सासूबाईंचं माहेर गोकाककडचं. त्यांचं कन्नड अस्सल, लेकीचं कॉलेजातलं. त्यांनी प्रश्न फिरवून दिला : "निम्म गिराकि याव तिंगळाग रोक्क कोडतार्री?" तुमची गिऱ्हाइकं कुठल्या महिन्यात पैसे देतात हो? प्रश्न तोच, पण आता समोरचा आरोपी राहिला नाही, तोही आपल्यासारखाच उधारीत अडकलेला व्यापारी झाला. लोक मोकळेपणानं बोलायला लागले ते इथून.

तरी काही जणांनी कागद बघूनच मान हलवली. "हे टॅक्सवाल्यांकडं जाणार काय?" असं एक-दोघांनी विचारलं. ही भीती बिनबुडाची नव्हती. पुढे जुलै २०२५ मध्ये यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून कर्नाटकातल्या कित्येक छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि क्यूआर कोडचे कागद काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या. मालविक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे, हे पुष्कळांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ज्यांनी नकार दिला त्यांना लेकीनं पुन्हा विचारलं नाही. नाही म्हणण्याचा हक्क हा प्रश्नावलीचाच एक भाग असतो, असं मॅडम म्हणायच्या.

भाषेचं की बेळेचं?

आता जरा नाजूक गोष्ट. आमच्या दुकानात सासऱ्यांच्या वेळेपासून एक वाक्य चालत आलेलं आहे : पश्चिमेकडचं गिऱ्हाईक चोख, पूर्वेकडचं ढिलं. पश्चिमेकडचं म्हणजे बहुतेक मराठी गावं, पूर्वेकडचं म्हणजे कन्नड. माझी नणंद बैलहोंगलला दिलेली आहे. तिच्या सासरीही दुकान आहे, आणि तिकडे नेमकं याच्या उलट बोलतात! सीमाभागात असली वाक्यं दोन्ही बाजूंच्या गल्ल्याशेजारी पिढ्यान् पिढ्या बसून असतात. त्यात द्वेष असतो असं नाही. पण तपासून कुणी बघत नाही.

लेकीनं एकूण ५५ खाती घेतली. त्यातली ७ फार जुनी थकलेली होती, ती वेगळी काढली. त्यांच्याबद्दल पुढे सांगते. उरलेल्या ४८ खात्यांपैकी २६ पूर्वेकडची आणि २२ पश्चिमेकडची. सरासरी काढली तर पूर्वेकडच्या खात्यांना पैसे द्यायला ६९ दिवस लागत होते आणि पश्चिमेकडच्यांना ४७. हे म्हणाले, "बघ, बाबा काय खोटं सांगत होते?"

तो तक्ता घेऊन ती मॅडमकडे गेली. त्यांनी तो बघून शांतपणे विचारलं, "इदु भाषेदो, बेळेदो?" हे भाषेचं की पिकाचं? कन्नडमध्ये बेळे म्हणजे पीक. आपल्या मराठी कानाला ते 'वेळे'सारखं ऐकू येतं, आणि उधारीपुरतं बघितलं तर ते बरोबरच आहे. पीक म्हणजे पैसे हातात येण्याची वेळ.

मग तिनं तीच ४८ खाती दुसऱ्या पद्धतीनं मांडली. ज्या दुकानांची गिऱ्हाइकं मुख्यतः ऊस लावणारी आहेत ती एका बाजूला, आणि ज्यांची भाजीपाला, दूध, मजुरी यांवर जगणारी आहेत ती दुसऱ्या बाजूला. पूर्वेकडची ऊसवाली खाती २०, सरासरी ७८ दिवस. पश्चिमेकडची ऊसवाली खाती ५, सरासरी ७५ दिवस. भाजी-दुधाची पूर्वेकडची ६ खाती ४१ दिवसांत देत होती आणि पश्चिमेकडची १७ खाती ३९ दिवसांत. म्हणजे ऊसवाला इकडचा असो नाहीतर तिकडचा, अडीच महिने लावतो. भाजीवाला मराठी असो वा कन्नड, चाळीस दिवसांच्या आसपास देतो. पूर्वेकडे ऊसवाले जास्त, म्हणून पूर्वेची सरासरी वर गेली. भाषेचा त्यात संबंधच नव्हता.

संख्याशास्त्रात याला नाव आहे, पण घरगुती उदाहरण सांगते. पावसाळ्यात घरात छत्र्या दिसतात आणि सर्दीही दिसते. म्हणून छत्रीनं सर्दी होते असं कुणी म्हणत नाही, कारण पाऊस आपल्याला दिसत असतो. माणसांच्या बाबतीत मात्र आपल्याला भाषा पटकन ऐकू येते, आणि पाऊस कुठे पडतो ते दिसत नाही.

तिसऱ्या प्रकरणात तिनं हे लिहिलं, आणि खाली मर्यादाही लिहिल्या. ५ आणि ६ खात्यांवरून फार मोठं बोलता येत नाही. एका दुकानाच्या ४८ खात्यांवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढता येत नाही. आपल्याला काय कळलं नाही हे सांगण्यासाठी प्रोजेक्टमध्ये जागा असते, हे मला नवीनच होतं. त्या पानाला परीक्षक मान देतात, हे तर आणखी नवीन.

उसाचा पैसा उशिरा का येतो याचं उत्तर दुकानात नसतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला बिल मिळायला हवं. ते लांबलं की शेतकरी गावातल्या दुकानात थांबतो, गावातला दुकानदार आमच्याकडे थांबतो, आणि आम्ही बँकेत व्याज भरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात गुर्लापूरला ऊसदरासाठी शेतकरी टनाला ३५०० रुपये मागत रस्त्यावर बसले, तेव्हा हे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "आता आपली वसुली कधी होणार ते इथं लिहिलंय." त्या वाक्याला माझ्या मते चांगले गुण द्यायला हरकत नाही.

ती सात खाती

आता त्या वेगळ्या काढलेल्या सात खात्यांबद्दल. पुस्तकाप्रमाणे उधारीची वयानुसार यादी करतात. तीस दिवसांची, साठ दिवसांची, नव्वद दिवसांची, त्यापुढची. त्यापुढच्या रकान्यात ही सात खाती वर्षानुवर्षं पडून होती. अशी बाकी बुडीत धरावी, असं पुस्तक सांगतं. हे बुडीत लिहायला तयार नव्हते, आणि मागायलाही जात नव्हते.

लेकीनं तारखा लावल्या तेव्हा दिसलं की बहुतेक बाकी ऑगस्ट २०१९ च्या आसपासची आहे. त्या महिन्यातला पूर बेळगाव जिल्हा विसरणार नाही. घटप्रभेचं पाणी गोकाकात घुसलं, कृष्णा-मलप्रभेच्या काठची गावंच्या गावं उठवावी लागली. दुकानांतली पोती, तेलाचे डबे, वह्या सगळं पाण्यात. त्यातून लोक जरा सावरतात न सावरतात तोच २०२० चा लॉकडाऊन. आमच्या वहीत रक्कम होती, तारीख होती. त्या तारखेला काय झालं होतं ते वहीत नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर." आजी आणि नात दोघी गोकाककडे गेल्या. एका जुन्या गिऱ्हाईकाचं दुकान चालू होतं, मालही भरलेला होता. तो माल आमच्याकडचा नव्हता. सासूबाईंना बघून तो माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मारि तोरसाक नाचिकि आगतैत्री अक्का." तोंड दाखवायला लाज वाटते हो अक्का. मग बोलता बोलता कळलं की पुरानंतर वर्षभरात त्यानं दुकान पुन्हा उभं केलं. पण आमच्या दुकानात आलं तर जुनी बाकी निघणार, ती एकदम देणं जमणार नाही, म्हणून तो दुसऱ्या पेठेतून रोखीनं माल नेत होता. पाच वर्षं!

हे ऐकून घरात सगळे गप्प झाले. आम्ही समजत होतो, पैसे बुडाले. खरं म्हणजे पैशाच्या पाठोपाठ रोखीचं गिऱ्हाईकही गेलं होतं, आणि तेही आमच्यावर रागावून नव्हे, आमची लाज वाटून. जुन्या बाकीनं दार अडवून धरलं होतं, त्याला आत येता येईना आणि आम्हाला बाहेर जाता येईना.

लेकीच्या प्रोजेक्टमधली मुख्य शिफारस यातूनच आली. जुनी बाकी वहीत वेगळ्या पानावर उतरवायची, त्यावर बोट ठेवायचं नाही. नवीन व्यवहार रोखीनं, कोऱ्या पानावर. जेव्हा जमेल तेव्हा गिऱ्हाईकानं जुन्या पानावर काहीतरी जमा करायचं, शंभर रुपये का असेनात. सातांपैकी पाच जण पुन्हा दुकानात यायला लागले. एकानं दुकानच बंद केलेलं होतं आणि एकानं यायचं टाळलं. त्या दोघांची बाकी यांनी स्वतःच्या हातानं बुडीत लिहिली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी या शिफारशीवरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. उत्तर देताना लेक इंग्रजीत एका शब्दापाशी अडली. क्रेडिट म्हणावं तर उधारी होते, ट्रस्ट म्हणावं तर नुसता विश्वास. शेवटी ती म्हणाली, "सर, पत्तु." परीक्षक कन्नड होते. पुढचा प्रश्न त्यांनी कन्नडमधूनच विचारला.

घरानं काय करावं?

प्रोजेक्ट मुलांचा असतो, तो आपण लिहून द्यायचा नसतो. पण घरानं करण्यासारखं बरंच काही आहे.

विषय निवडताना मोठ्या नावाच्या मागे लागू देऊ नका. मामाची पिठाची गिरणी, उद्यमबागेतल्या काकांचा छोटा कारखाना, वडगाव-शहापूरच्या विणकर घरातले माग, अथणीच्या चपला, गल्लीतली पतसंस्था, यांतल्या प्रत्येक ठिकाणी प्रश्न आहे आणि तो सांगणारं माणूसही आहे. कोल्हापुरी चपलेचंच बघा. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. त्या मानांकनानं कारागिराच्या हातात काय पडलं, एवढा एक प्रश्न घेतला तरी प्रोजेक्ट होईल.

वेळ आधी द्या. विषय जानेवारीत ठरला तर फेब्रुवारीत प्रश्नावली, मार्चमध्ये भेटी, एप्रिलमध्ये लिखाण होतं. शेवटच्या पंधरवड्यात सुरू केलं तर झेरॉक्सच्या दुकानातली फाईलच हाती येणार. आणि ती लपतही नाही. मजकुरातलं साम्य तपासणारी सॉफ्टवेअर आता सर्रास वापरली जातात. शोधनिबंधांसाठी यूजीसीनं २०१८ साली जे नियम केले त्यात १० टक्क्यांपर्यंतचंच साम्य चालतं. हल्ली मुलं संगणकाकडून आख्खी प्रकरणं लिहून घेतात. भाषा गुळगुळीत येते, पण गोकाकच्या दुकानदाराला लाज का वाटते हे त्या संगणकाला कुणी सांगितलेलं नसतं.

प्रश्नावली दोन्ही भाषांत करा, आणि ती घरातल्या आजी-आजोबांना वाचून दाखवा. शब्द कुठे टोचतो ते त्यांना आपल्याआधी कळतं. भेटीला जाताना घरातलं कुणीतरी जाणतं बरोबर असू द्या. आणि मूल परत आल्यावर पानं किती झाली ते विचारू नका. आज काय नवीन कळलं, एवढं विचारा आणि ऐकायला बसा.

लेक आता पुण्याला एका कंपनीत नोकरीला आहे. दुकान पुढे कोण चालवणार, हा प्रश्न तिच्या प्रोजेक्टनं सुटलेला नाही, आणि तो कुठल्याच प्रोजेक्टनं सुटायचा नाही. तिच्या बांधीव प्रती तीन निघाल्या. एक कॉलेजात गेली, एक तिनं पुण्याला नेली, तिसरी दुकानात गल्ल्याशेजारी असते, तिला तेलाचे डाग पडले आहेत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही घातली, तेव्हा पहिल्या पानावर 'श्री' लिहून झाल्यावर यांनी ती प्रत पुढ्यात ओढली आणि त्यातला पिकांचा तक्ता वहीत उतरवून घेतला. ऊस, भात, सोयाबीन, हरभरा, भाजी, आणि प्रत्येकासमोर पैसे हातात येण्याचे महिने. पिकांची नावं मराठीत लिहिली आहेत. शेजारी सासूबाईंनी सांगितली तशी कन्नडमध्येही.